मुडा, घिरट आणि रबर रोलर : वसई परिसरातील धान्यप्रक्रियेच्या साधनांचा व त्यांच्या देखभालीचा इतिहास

प्रस्तावना

वसईच्या इतिहासाचा विचार करताना अभ्यासकांसमोर प्रथम उभा राहतो तो किल्ला. १५३४ चा तह, त्यानंतरची पोर्तुगीजांची दोन शतकांची राजवट, १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी मिळविलेला विजय आणि १८०२ च्या अखेरीस दुसऱ्या बाजीरावाने इंग्रजांशी केलेला वसईचा तह, या चौकटीतच बहुतांश लेखन झालेले आहे. त्यापलीकडे जाणारे लेखन सोपाऱ्याकडे, म्हणजे १८८२ मध्ये पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी उत्खनन केलेल्या स्तूपाकडे आणि अशोकाच्या शिलालेखाकडे वळते. किल्ला आणि स्तूप या दोन वास्तूंच्या मधल्या शेतात जे भात पिकत होते, त्या भाताचा तांदूळ कोण करीत होते, कोणत्या साधनाने करीत होते आणि ते साधन नादुरुस्त झाल्यावर कोणाला बोलावले जात होते, हे प्रश्न मात्र राजकीय इतिहासाच्या कक्षेबाहेर राहिले.

प्रस्तुत निबंधात या प्रश्नांचा विचार केला आहे. यंत्राचा इतिहास हा सामान्यतः शोधाचा इतिहास म्हणून लिहिला जातो : अमुक साली अमुक यंत्र निघाले, जुने मागे पडले. परंतु यंत्र एकदाच बसते आणि पुढे वर्षानुवर्षे राखावे लागते. दगडाला टाकी लावणे, जाळी बदलणे, पट्टा ताणणे, रोलरमधील अंतर जुळविणे ही कामे ज्याच्या हातात असतात त्याच्या हातात दळणाची प्रत असते. धान्यप्रक्रियेच्या इतिहासात शोधापेक्षा देखभालीकडे पाहिले तर वसईसारख्या लहान प्रदेशातील बदल अधिक नेमकेपणे दिसू लागतात.

१५५४ मधील एक नोंद

वसई प्रदेशाची भौगोलिक रचना भाताला अनुकूल आहे. उत्तरेस वैतरणा, दक्षिणेस वसईची खाडी, पश्चिमेस समुद्र आणि पूर्वेस तुंगारेश्वराचे डोंगर. किनारपट्टीवर केळी, नागवेली आणि नारळ यांच्या वाड्या, त्यांच्या पूर्वेस खारपाट व मिठागरे, आणि डोंगरपायथ्याशी भात, नाचणी, वरी. वाडीवाला शेतकरी बागायतीमुळे रोखीच्या व्यवहारात लवकर आला. खाण्याचे मुख्य धान्य मात्र दोन्हीकडे भातच राहिले. महसूलही दीर्घकाळ भाताच्याच मापाने मोजला जाई. ते माप म्हणजे मुडा. भाताच्या पेंढ्याने वळून बांधलेला धान्याचा गठ्ठा हा या शब्दाचा मूळ अर्थ. पोर्तुगीज कागदपत्रांत तोच ‘मुरा’ होतो आणि भात ‘बाते’ होते.

आंतोनियो नूनिश याने १५५४ मध्ये हिंदुस्थानातील वजनमापांविषयी एक ग्रंथ सिद्ध केला. त्यात वसईच्या मुड्याची नोंद आहे. एका मुड्यात तीन खंडी भात असते आणि ते भरडून टरफल काढल्यावर दीड खंडी व वर थोडे अधिक इतका तांदूळ उरतो, असे तो सांगतो. ही नोंद आजवर वजनमापांच्या संदर्भातच वाचली गेली. वास्तविक ती उताऱ्याची नोंद आहे, आणि वसईच्या धान्यप्रक्रियेविषयी मिळणाऱ्या जुन्यातील जुन्या आकड्यांपैकी तो एक मानावा लागेल.

वरवर पाहता हा आकडा निम्म्या घटीचा वाटतो. परंतु खंडी हे येथे मापी परिमाण धरले तर चित्र बदलते. टरफलासह भात फुगीर असते. एक घनमीटर भाताचे वजन साधारण ५५० ते ६०० किलो भरते, तर तेवढ्याच जागेत तांदूळ साडेसातशे ते आठशे किलो मावतो. म्हणजे मापाने निम्मा राहिलेला तांदूळ वजनाने मूळ भाताच्या सुमारे दोन तृतीयांश होतो. भाताच्या दाण्यात टरफल साधारण वीस टक्के व कोंड्याचा थर आठ ते दहा टक्के असतो, हे लक्षात घेता दोन तृतीयांश हा उतारा उत्तम म्हणावा लागेल. भारतीय अन्न महामंडळाने गिरण्यांसाठी कच्च्या तांदळाचा उतारा ६७ टक्के ठरविला होता. सोळाव्या शतकातील वसईच्या कांडपिणी आणि विसाव्या शतकातील सरकारी निकष जवळजवळ एकाच आकड्यावर येतात, ही बाब हाताच्या साधनांना ‘मागास’ ठरविताना विचारात घ्यावयास हवी. अर्थात हा तांदूळ आजच्यासारखा पांढराशुभ्र नव्हता. कोंड्याचा बराच अंश त्याच्यावर राहत असे आणि उताऱ्यात त्याचाही वाटा होता.

घरातील यंत्रे आणि त्यांचे कारागीर

भाताचा तांदूळ करण्याची प्रक्रिया एका साधनाने पूर्ण होत नसे. वाळविलेले भात प्रथम घिरटावर भरडले जाई. घिरट हे कोकणात सर्वत्र वापरले जाणारे, जात्यासारखेच दोन तळ्यांचे साधन. त्याचे काम पीठ करण्याचे नसून टरफल सोडविण्याचे असते. त्यामुळे दोन तळ्यांमधील अंतर दाण्याच्या जाडीशी जुळलेले असावे लागे. अंतर कमी झाले तर कणी वाढते, जास्त झाले तर भात न सोलता बाहेर पडते. सुपाने तूस पाखडल्यावर तांदूळ उखळात मुसळाने कांडला जाई. शेवटी पांढरेपणासाठी पुन्हा कांडणे म्हणजे सडणे. ‘असडीक’ व ‘सडीक’ हा भेद केवळ रंगाचा नव्हता; सणासुदीचा आणि रोजचा, खोताकडचा आणि कुळाकडचा तांदूळ त्यावरून ओळखला जाई. तूस, कोंडा, कणी आणि तांदूळ असे चार जिन्नस प्रत्येक घरात वेगवेगळे निघत. तूस चुलीला व भाजणीला, कोंडा गुरांना व कोंबड्यांना, कणी पेजेला. पुढे यंत्र आल्यावर यांपैकी काय एकमेकांत मिसळले गेले, हा प्रश्न महत्त्वाचा ठरणार होता.

पिठासाठी जाते होते. तांदळाची भाकरी हे वसईतील हिंदू व ख्रिस्ती अशा दोन्ही समाजांचे समान अन्न. पूर्वपट्टीतील वारली, मल्हार कोळी, कातकरी कुटुंबांत नाचणीचीही भाकरी. जात्याची खालची तळी स्थिर, वरची खुंट्याने फिरविली जाणारी. मधल्या खुंटीवर बसणारी माकडी वरच्या तळीला तोलून धरते. माकडीखाली चिंधी किंवा चामड्याची चकती कमी-अधिक करून पीठ बारीक वा जाड ठेवता येते. ही जुळणी घरातील बाईच करीत असे, हे येथे नमूद केले पाहिजे. स्त्रिया जाते केवळ ‘चालवीत’ असत असे मानण्याची प्रथा आहे. प्रत्यक्षात त्या त्याच्या यंत्रचालकही होत्या आणि दैनंदिन दुरुस्ती करणाऱ्याही.

जात्यावरील श्रमाचा सर्वांत मोठा दस्तऐवज म्हणजे ओव्या. हेमा राईरकर व गी पॉइटवँ यांनी १९८० च्या दशकापासून मुळशी-मावळातील खेड्यांतून सुरू केलेल्या संकलनात एक लाखाहून अधिक ओव्या गोळा झाल्या. ओव्यांकडे लोकसाहित्य म्हणून पाहण्याची सवय झाल्याने एक साधी गोष्ट नजरेआड होते : ओवीची लय ही वरच्या तळीच्या फेऱ्याची लय आहे, आणि दगड गुळगुळीत झाला की फेरे वाढतात व पीठ निघत नाही. त्या वेळी लागत असे टकारी.

जात्याला टाकी लावणारे ते टकारी. दगड, छिन्नी आणि हातोडी घेऊन गावोगाव फिरणारा हा समाज. तळीच्या मध्यापासून कडेकडे जाणारे टिपके वा चरे पुन्हा खोदून देणे हे त्यांचे काम. नवे जाते वडारांकडून वा पाथरवटांकडून येई. ते जिवंत ठेवण्याचे काम टकाऱ्यांचे. वसाहतकालीन ‘गुन्हेगार जमाती’ कायद्यांच्या छायेत असे अनेक भटके समाज आले. महाराष्ट्र शासनाच्या विमुक्त जातींच्या सूचीत ‘भामटा’ या शीर्षकाखाली टकारी, पाथरुट आणि गिरणी वडार ही नावे आजही एकत्र आढळतात. ज्यांच्यावाचून गावाचे पीठ निघत नव्हते, त्यांची नोंद शासनदप्तरात प्रथम संशयित म्हणून व्हावी, हा देखभालीच्या कामाकडे पाहण्याच्या एकूण दृष्टीचाच एक नमुना होय.

गिरणीचे आगमन

वसई तालुक्यात यंत्रगिरणी रुजण्यासाठी तीन गोष्टींची आवश्यकता होती : बाजाराशी जोडणी, शक्तीचे साधन आणि दळण रोखीने विकत घेण्याची लोकांची तयारी. बॉम्बे-बडोदा अँड सेंट्रल इंडिया रेल्वेचा मार्ग १८६४ मध्ये मुंबईपर्यंत पूर्ण झाला आणि वसईची केळी, भाजी, फुले मुंबईच्या बाजारात जाऊ लागली. १९३६ मध्ये बोरिवली ते विरार हा टप्पा विद्युतीकृत झाला. त्याच मुंबईच्या बाजारात रंगूनच्या वाफेवरील गिरण्यांत सडलेला तांदूळ येत होता. म्हणजे गिरणीचे यंत्र गावात येण्यापूर्वी गिरणीचा तांदूळ परिसरात पोहोचला होता आणि ‘चांगला तांदूळ म्हणजे पांढरा तांदूळ’ ही समजूतही त्याच्याबरोबर आली होती.

शक्तीच्या साधनाचा प्रश्न ऑइल इंजिनाने सोडविला. इंग्लंडमधील लिस्टर कंपनीचे संथ गतीचे, मिनिटाला सुमारे ६५० फेरे घेणारे इंजिन ग्रामीण भारतात गिरणीचे इंजिन म्हणून परिचित झाले. महाराष्ट्रात साताऱ्याजवळ कूपर आणि १९४६ पासून पुण्याजवळ खडकीस किर्लोस्कर ऑइल इंजिन्स यांनी देशी इंजिने पुरविली. १९६० मध्ये महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळाची स्थापना झाल्यानंतर खेड्यांतून वीज पोहोचू लागली तशी इंजिनाची जागा मोटारीने घेतली. मुंबईच्या परिघात ‘गिरणी’ म्हणजे कापडगिरणी, तिचे कामगार आणि त्यांचे गिरणगाव, असा अर्थ रूढ असताना वसईच्या गावठाणात तो शब्द दळणाच्या खोलीसाठी वापरला जात राहिला. एकाच शब्दाने चारशे मागांचा कारखाना आणि दहा अश्वशक्तीची चक्की या दोहोंचा बोध व्हावा, हे या प्रदेशाच्या औद्योगिक इतिहासाचे सूचक लक्षण आहे.

तिसरी गोष्ट, म्हणजे लोकांची तयारी, युद्धकाळाने घडविली. १९४२ मध्ये ब्रह्मदेश जपानच्या ताब्यात गेल्यावर रंगूनचा तांदूळ बंद झाला आणि मे १९४३ पासून मुंबईत शिधावाटप लागू झाले. स्वातंत्र्यानंतर १९५६ पासून पी. एल. ४८० करारान्वये अमेरिकी गहू येऊ लागला. तांदूळ खाणाऱ्या प्रदेशाच्या शिध्यात गहू आला. तांदळाचा भात पीठ न करता शिजविता येतो. गव्हाचे मात्र दळल्यावाचून चालत नाही. कोकणपट्टीत पीठगिरणीचा प्रसार समजून घेताना स्त्रियांच्या श्रममुक्तीइतकेच रेशनच्या गव्हाचेही कारण विचारात घ्यावे लागते.

श्रममुक्तीचे जे चित्र सर्वसाधारणपणे रंगविले जाते ते खोटे नाही, पण एकसारखेही नाही. पहाटेचे दळण सुटले, ही घरोघरच्या स्त्रियांची खरीखुरी मुक्ती होती. त्याच वेळी मजुरीने भात कांडणाऱ्या कांडपिणींचे काम गेले. त्यांच्या मजुरीत तांदळाबरोबर कणी-कोंड्याचाही वाटा असे. वाडीवाल्याच्या घरातील सुनेला जे सुख वाटले, तेच भूमिहीन विधवेला बेकारी म्हणून जाणवले असणार. दळणावळ आणि कांडणावळ हे दोन शब्द येथे लक्षणीय आहेत. पूर्वी कांडणावळ हाताने कांडणाऱ्या स्त्रीच्या पदरात पडे. गिरणीनंतर ती गिरणीमालकाच्या गल्ल्यात पडू लागली. शब्द तोच राहिला, घेणारा बदलला.

हलर : एक अपूर्ण यंत्र

लहान भातगिरणीत जे यंत्र प्रथम आले ते रोलर नव्हते, ते हलर होते. ब्राझीलमधील एव्हारिस्टो एंगेलबर्ग याने कॉफीची टरफले काढण्यासाठी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बनविलेले हे यंत्र अमेरिकेतील सिरॅक्यूज येथे तयार होऊ लागले आणि भातासाठी आशिया-आफ्रिकेत पसरले. आडव्या कवचात उभ्या धारांचा लोखंडी दंडगोल वेगाने फिरतो, खाली छिद्रांची जाळी असते आणि बाजूने एक पाते दाण्यांना अडथळा करते. टरफल काढणे आणि सडणे या दोन्ही क्रिया एकाच कवचात घर्षणाने होतात.

या यंत्राचे यश त्याच्या देखभालीत होते. पाते, जाळी आणि दंडगोल हे झिजणारे तीन भाग. तिन्ही स्वस्त, तिन्ही गावच्या लोहाराला वा शहरातील लेथवाल्याला समजणारे. पात्याचे अंतर आणि तोंडावरील वजन इतकेच काय ते जुळवायचे. पण जे घिरट आणि उखळ वेगवेगळे करीत होते ते हलरने एकत्र केले, आणि त्याची किंमत उताऱ्यात चुकती झाली. हलरमधील तांदळाचा उतारा साठ ते पासष्ट टक्क्यांच्या आसपास राहतो व कणी अधिक पडते. शिवाय तूस आणि कोंडा यांची एकत्र भुकटी होते. अशा मिश्रणातून तेल काढता येत नाही आणि गुरांच्या खाद्यातही तुसाची राखाळ सिलिका जाते. नूनिशच्या दीड खंडीवरचे ते ‘थोडे अधिक’ हलरच्या जाळीतून खाली गळून गेले, असे म्हणता येईल.

पांढऱ्या तांदळाचा आरोग्याशी असलेला संबंधही याच काळात पुढे आला. बेरीबेरी आणि सडलेला तांदूळ यांचा संबंध जावा बेटावर दाखविणाऱ्या क्रिस्तियान आइकमन यांना १९२९ चे नोबेल पारितोषिक मिळाले. भारतात कुन्नूर येथील प्रयोगशाळेत मॅककॅरिसन व त्यानंतर अॅक्रॉइड यांनी तांदळाच्या पोषणमूल्यावर काम केले. महात्मा गांधींनी डिसेंबर १९३४ मध्ये वर्धा येथे स्थापन केलेल्या अखिल भारतीय ग्रामोद्योग संघाने हातसडीचा तांदूळ व जात्यावरचे पीठ हे कार्यक्रमाचे विषय केले. जे. सी. कुमारप्पा यांच्या मांडणीत हा प्रश्न आहाराचा होता तितकाच रोजगाराचा होता. प्रा. द. गो. कर्वे यांच्या अध्यक्षतेखालील १९५५ च्या समितीने हीच भूमिका नियोजनाच्या भाषेत मांडली, आणि १९५८ चा भातगिरणी उद्योग नियमन कायदा अस्तित्वात आला. नवी गिरणी उभारण्यास परवानगी आणि चालविण्यास परवाना आवश्यक झाला.

या कायद्याचा परिणाम उलटसुलट झाला. ज्या हातसडीसाठी तो केला गेला ती वाचली नाही, कारण ग्राहकाची पसंती परवान्याने बदलत नाही. पुढे धोरणाचा भर हातसडीच्या संरक्षणाकडून गिरणीच्या आधुनिकीकरणाकडे वळला आणि हलर हा तांदूळ वाया घालविणारा म्हणून दोषी ठरला. १९९७ मध्ये कायदाच रद्द करण्यात आला.

रोलर : लोखंडी आणि रबरी

रोलर गिरणीचे तत्त्व एका वाक्यात सांगता येते. समांतर बसविलेले दोन दंडगोल परस्परविरुद्ध दिशांनी, पण वेगवेगळ्या गतीने फिरतात. त्यांच्यामधून जाणाऱ्या दाण्याची एक बाजू पुढे ओढली जाते व दुसरी मागे राहते. दंडगोल खाचदार लोखंडाचे असतील तर दाणा चिरला जातो. रबराचे असतील तर सोलला जातो.

लोखंडी रोलरची परंपरा गव्हाची आणि मध्य युरोपाची. बुडापेस्टच्या गान्झ कारखान्यात आंद्राश मेखवार्ट यांनी १८७४ मध्ये कडक ओतीव लोखंडाच्या खाचदार रोलरचे यंत्र सिद्ध केले. हेन्री सायमन यांनी १८७८ मध्ये मँचेस्टर येथे संपूर्ण रोलर गिरणी उभारली. त्याच वर्षी मे महिन्यात अमेरिकेतील मिनिआपोलिस येथे पिठाच्या धुळीचा स्फोट होऊन वॉशबर्न गिरणी उद्ध्वस्त झाली व अठरा कामगार मृत्युमुखी पडले. ती गिरणी दगडी जात्यांची होती. पुनर्बांधणीत तेथे रोलर आले. या पद्धतीत गहू एकदम दळला जात नाही. आधी त्याला पाणी देऊन काही तास मुरविले जाते, म्हणजे वरचा कोंडा चिवट व आतला भाग ठिसूळ होतो. मग एकामागून एक रोलरांच्या जोड्यांतून दाणा उघडत, चाळत, पुन्हा दळत मैदा, रवा व कोंडा वेगळे केले जातात.

ही गिरणी लहान प्रमाणात परवडत नाही, आणि वसईच्या स्वयंपाकघराला तिची गरजही नव्हती. भाकरी-चपातीला लागणारे पीठ दगडातच चांगले होते. दगडाच्या दाबाने व उष्णतेने पिष्टाचे काही कण फुटतात आणि पीठ अधिक पाणी शोषते; रोलरचा मैदा तितके पाणी घेत नाही. लोखंडी रोलर या प्रदेशात आला तो यंत्र म्हणून नव्हे, तर पावाच्या रूपाने. मुंबईच्या रोलर गिरण्यांतील मैदा बेकऱ्यांमार्फत वसईच्या न्याहारीत पोहोचला. या गिरण्यांवर १९५७ च्या आदेशान्वये परवाना व किंमत नियंत्रण होते, तर कोपऱ्यावरची चक्की त्या नियंत्रणाबाहेर होती.

रबर रोलरची परंपरा भाताची आणि जपानची. १९६० च्या दशकात फोर्ड फाउंडेशनच्या साहाय्याने तंजावर आदी ठिकाणी आधुनिक भातगिरण्या उभारण्यात आल्या, त्यानंतर हे यंत्र देशात परिचित झाले आणि त्याच्या लहान आवृत्त्या पुढे गावपातळीवर आल्या. रबर रोलरमध्ये टरफल प्रथम वेगळे होते, तूस पंख्याने उडते आणि सडणे दुसऱ्या यंत्रात होते. अर्थात घिरट आणि उखळ यांची विभागणी, जी हलरने मोडली होती, ती येथे पुन्हा अस्तित्वात आली. उतारा वाढला, कणी घटली, कोंडा स्वच्छ मिळू लागला.

मात्र रबर रोलर हलरइतका सोशीक नाही. तो बसविताना पाया सपाट व घट्ट असावा लागतो. वसईच्या पश्चिमपट्टीतील वाळूमिश्रित जमिनीत काँक्रीटचा पाया कमी पडला तर यंत्र थरथरते आणि दोन्ही रोलरांची समांतरता बिघडते. समांतरता गेली की रबर एका कडेला अधिक झिजते. दोन रोलरांतील अंतर दाण्याच्या जाडीहून कमी ठेवायचे असते, पण फार दाबले तर रबर तापते, काळे डाग तांदळाला लागतात व कणी वाढते. म्हणून सर्वच भात एका फेरीत सोलण्याचा आग्रह धरला जात नाही. पंच्याऐंशी-नव्वद टक्के सोलले गेले की उरलेले वेगळे करून पुन्हा टाकले जाते. वेगाने फिरणारा रोलर अधिक झिजतो, त्यामुळे ठरावीक काळाने दोघांची अदलाबदल करावी लागते. झिजेने व्यास घटला की पृष्ठभागाची गतीही घटते, आणि अंतर जुळवूनही सोलणे कमी होते. भात चौदा टक्क्यांच्या आसपास ओलाव्याचे असावे. पावसाळी दमट हवेत साठविलेले भात नीट वाळले नसेल तर दाणा मऊ राहून मोडतो. भातातील खडे आणि लोखंडाचे तुकडे रबराचे शत्रू; म्हणून आधी चाळण व चुंबक. समुद्राजवळच्या खाऱ्या हवेत बेअरिंग व चाळणीचे पत्रे लवकर गंजतात, त्यामुळे ग्रीस व रंग यांची पाळी चुकवून चालत नाही.

या तपशिलातून एक मूलभूत फरक स्पष्ट होतो. दगड झिजला की तोच दगड टाकी लावून पुन्हा धारदार होतो. लोखंडी रोलरच्या खाचाही पुन्हा कापता येतात. रबर झिजले की ते टाकून नवे विकत घ्यावे लागते. जात्याच्या देखभालीचा पैसा टकाऱ्याच्या हाती जाई, हलरच्या देखभालीचा लोहाराच्या; रबर रोलरच्या देखभालीचा पैसा गावाबाहेर जातो. हंगाम दोन-तीन महिन्यांचा आणि भात थोडे, अशा ठिकाणी हा खर्च निघत नाही. याच कारणाने अनेक लहान गिरणीवाले उताऱ्यात तोटा सोसूनही हलरला चिकटून राहिले. त्यांना अडाणी ठरविणाऱ्या अहवालांनी त्यांचा हिशेब तपासला असता तर बरे झाले असते.

शहरीकरण आणि आजची स्थिती

१९८० च्या दशकापासून वसईचे रूप झपाट्याने पालटले. पूर्वेस नवघर, गोखिवरे, वालीव, सातिवली येथे औद्योगिक वसाहती उभ्या राहिल्या. पश्चिमेस हरितपट्टा वाचविण्यासाठी फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या नेतृत्वाखाली हरित वसई संरक्षण समितीने लढा दिला. ३ जुलै २००९ रोजी वसई-विरार शहर महानगरपालिका स्थापन झाली आणि २०११ च्या जनगणनेत तिची लोकसंख्या बारा लाखांवर गेली. १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर जिल्हा अस्तित्वात आला. भाताची खाचरे इमारतींखाली गेली तशी भातगिरणीची गरज आटली. जिल्ह्यातील तांदळाचे केंद्र म्हणून आता नाव घेतले जाते ते वाडा तालुक्याचे. वाडा कोलम या तांदळाला २०२१ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले.

पीठगिरणीचे मात्र उलट झाले. नालासोपारा, विरारच्या चाळी व वसाहतींत राज्याच्या आणि देशाच्या सर्व भागांतून माणसे आली व आपापले दळण घेऊन आली. देशावरची ज्वारी-बाजरी, गुजरातेतील गहू, कोकणातील तांदूळ व नाचणी, सणाला भाजणी, उन्हाळ्यात मसाल्याचे कांडप. एकाच एमरी दगडावर दिवसभरात इतकी धान्ये दळायची म्हणजे क्रम पाळावा लागतो : गव्हामागे गहू, तांदळामागे तांदूळ, डाळी शेवटी. उपवासाच्या पिठासाठी यंत्र झाडून घेणे हा तर चक्कीवाल्याच्या सचोटीचा विषय. २००२ मध्ये आशीर्वादसारखी तयार पिठे बाजारात येऊनही ही चक्की टिकली, याचे कारण डोळ्यांदेखत दळण हवे असणारे हे बहुभाषक गिऱ्हाईक.

याच काळात घरघंटी आली. जिल्हा परिषदांच्या महिला व बालकल्याण योजनांतून पिठाची गिरणी अनुदानावर देण्यात येऊ लागली; २०२० पासून केंद्राच्या सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योग योजनेत पस्तीस टक्के भांडवली अनुदानाची तरतूद झाली. दळणाचे काम पुन्हा स्त्रीच्या हाती, या वेळी यंत्रासह आणि मालकीसह, आणण्याचा हा प्रयत्न स्वागतार्ह आहे. परंतु अनुदान यंत्राच्या खरेदीला मिळते. झिजलेला भाग, जळलेली मोटार, बंद पडलेल्या दिवसांची बुडालेली दळणावळ यांचा विचार योजनेच्या अर्जात नसतो. यंत्रासोबत चाळणी काढून साफ करणे, पट्टा ताणणे, दगडाचे अंतर जुळविणे हे शिकविले गेले तर ज्या स्त्रियांच्या आज्या माकडीखालची चिंधी कमी-अधिक करीत होत्या त्यांना ते अवघड जाण्याचे कारण नाही.

जाते पूर्णतः गेलेले नाही. वसईतील हिंदू कुटुंबांत लग्नाआधी हळद दळण्याचा आणि घाणा भरण्याचा विधी होतो. मुसळाला आंब्याची पाने बांधली जातात, सुवासिनी जात्याचा खुंटा धरतात. टाकी लावणारा कोणी फिरकत नसल्याने तळी गुळगुळीत झालेल्या असतात. त्यामुळे हळकुंडे जात्यात दोन-चार फेरे फिरविली जातात, आणि नवऱ्यामुलाला लावायची हळद गिरणीतून दळून आणलेली असते.